तांडेलाची पाठ

"इसमें क्या है?" जहाजाच्या दाराशी सामान तपासणाऱ्या गार्डने विचारलं.

"खोलके देखो," बाबा म्हणाले.

त्याने पिशवी उघडली, नाक आत घातलं आणि घातलं त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर काढलं. आत सुके बोंबील होते. आईने वर्तमानपत्रात बांधून, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी ओढणी गुंडाळून दिले होते, पण बोंबील असे कुणाचं ऐकतात थोडेच!

"ये अंदर नहीं जाएगा, अंकल."

"अरे, मरेला है," बाबांनी त्याची समजूत घातली. "कुछ नहीं करेगा."

मागे प्रवाशांची रांग लागली होती. एका बाईने रुमाल नाकाला लावला. मी पुढे होऊन गार्डच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठे त्याने पिशवीला चिठ्ठी बांधली आणि कोचीला उतरताना परत मिळेल असं सांगून ती एका कपाटात बंद केली. बाबांनी त्या कपाटाकडे असं बघितलं की जणू आत एखादा नातेवाईक कोंडलाय. मग त्यांनी जहाजाच्या पत्र्यावर मूठ आपटून बघितली.

"ही बोट नाय," ते म्हणाले. "ही सोसायटी हाय. हिला कसल्या लाटा लागतात?"

मी घाईने विषय बदलला. कारण त्या सोसायटीत मी गेले सात महिने ओकत होतो.

मी त्या वेळी ‘सेलेस्टा’ नावाच्या प्रवासी जहाजावर ड्रम वाजवत होतो. माझं नाव मोरेश्वर तामोरे, गाव सातपाटी. जहाजावर मला ‘मो’ म्हणत, घरी ‘मोऱ्या’. माझे बाबा काशिनाथ तामोरे, म्हणजे आमच्या बंदरावर काशा तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा कप्तान. सुकाणू त्याच्या हातात आणि बोटीवरच्या सगळ्यांचा जीवही त्याच्याच हातात. आमची ‘धनलक्ष्मी’ बाबांनी उभं आयुष्य चालवली. आणि मी, या तांडेलाचा एकुलता एक मुलगा, चौदाव्या वर्षी एकच फेरी करून बोटीवरून उतरलो तो पुन्हा चढलो नाही.

ती फेरी नारळी पौर्णिमेनंतरची, हंगामातली पहिली. किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी बोटीच्या काठावर पोट टाकून लोंबकळत होतो आणि खलाशी हसत होते. "तांडेलाच्या पोराला दर्या लागला रे!" हे हसणं तसं प्रेमाचं होतं, हे आता कळतं. पण मी मान वर करून मागे सुकाणूकडे पाहिलं, तेव्हा मला बाबांची पाठ दिसली. ते आमच्याकडे पाठ करून, काठ धरून, वाकून मागचं पाणी बघत उभे होते. बंदरात येईपर्यंत ते एकदाही वळले नाहीत. घरी येऊनही काही बोलले नाहीत. त्यांना माझी लाज वाटली, हे त्या पाठीवर मी स्पष्ट वाचलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "मी बोटीवर येणार नाही. मला बँडमध्ये वाजवायचंय." ते "बरं" म्हणाले. एवढंच.

मग लग्नाचा बँड, मग मुंबईत हॉटेलातला ऑर्केस्ट्रा, आणि मग एका एजंटने जहाजाचं काढलं. मी म्हटलं, मला पाणी सोसत नाही. तो म्हणाला, "अहो, एवढं मोठं जहाज, आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही!" तो एजंट आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता.

बाबा येणार हे आईने फोनवर सांगितलं होतं. जहाजात खोल्या रिकाम्या असल्या की आम्हा नोकरांना घरच्या एखाद्या माणसाला एका टप्प्यापुरतं बरोबर आणता यायचं. पावसाळा सरत आला होता, मासेमारीचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. मुंबई ते कोची, तीन रात्री. मी तोंडदेखलं कितीदा बोलावूनही बाबा आले नव्हते, आणि आता स्वतःहून तयार झाले होते.

"जहाज बघायला येतो म्हणतात," आई म्हणाली. "पण खरं तुला विचारायला येतात. धनलक्ष्मीला डहाणूचं गिऱ्हाईक आलंय. तू येणार असशील तर ठेवायची, नायतर द्यायची. फोनवर नाय विचारणार, तोंडावर विचारीन, म्हणाले."

तेव्हापासून माझी झोप उडाली होती. बोट मला नको होती, पण नको का, ते सांगायचं कसं? खरं कारण सांगावं तर तांडेलाच्या पोराची अब्रू जाणार, आणि न सांगावं तर बोट गळ्यात पडणार. बाबांच्या मते दर्या लागणं हे त्या एका दिवसापुरतं होतं. मी फोनवर नेहमी "इथे मजेत आहे" असंच सांगायचो. आता ते तीन दिवस पहिल्या रांगेत बसून माझी मजा बघणार होते.

माझं गुपित जहाजावर एकाच माणसाला ठाऊक होतं. आग्नेल, आमचा बेस गिटारवाला, गोव्याचा. आम्ही एकाच खोलीत राहायचो, त्यामुळे त्याला ठाऊक नसणं शक्यच नव्हतं.

"तू भिऊ नको मरे," तो म्हणाला. "मी तुझ्या पुढे उभा राहतो. माझं पोट एवढं मोठं, त्याच्यामागे तू काय केलं कुणाला दिसणार?"

जहाजाचं थिएटर अगदी पुढच्या टोकाला होतं. जहाज वर-खाली होतं ते सगळ्यात जास्त तिथेच. माझा मोठा ड्रम लाकडी पट्टी ठोकून जमिनीला बसवलेला होता, झांजांचे स्टँड दोरीने बांधलेले. सगळं बांधलेलं होतं, एक मी सोडून. माझ्या उजव्या पायाशी एक झाकणाची बादली असायची, बारमधून मागून आणलेली, बर्फाची. मनगटं दुखतात म्हणून बर्फ ठेवतो असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. आमचा बँडमास्तर रोमेल, फिलिपिन्सचा अतिशय सभ्य माणूस, अधूनमधून माझ्या मनगटांची चौकशी करायचा.

पहिल्या संध्याकाळी समुद्र तळ्यासारखा शांत होता. बाबा नव्या पँट-शर्टात, दुकानातल्या घड्या तशाच ठेवून, पहिल्या रांगेच्या मधोमध बसले. शोभर त्यांनी नाचणाऱ्या मुलींकडे एकदाही बघितलं नाही. फक्त माझ्या हातांकडे बघत होते.

"हात चांगला चालतो," नंतर चहा घेताना ते म्हणाले. "पण कानात काय घालतो तू?"

"त्यातून टिकटिक ऐकू येते, बाबा. सगळ्यांनी एका चालीत वाजवावं म्हणून."

"म्हंजे कवा मारायचं ते तुला दुसरा कोण सांगतो?"

"तसं नाही..."

"आमच्याकडं जाळं ओढताना कोण टिकटिक करत नाय. तरी सगळे एकदम ओढतात."

आग्नेल कपात तोंड घालून हसला. मलाही हसू आलं. मग बाबांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मोऱ्या, बोटीचं..."

"उद्या बोलू, बाबा. मला सामान आवरायचंय," असं म्हणून मी सटकलो. आवरायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला डेकवर भेटले. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. वारा फारसा नव्हता, ऊन छान पडलं होतं आणि प्रवासी खुर्च्या टाकून पहुडले होते.

"पाणी चढतंय," बाबा म्हणाले.

"कुठे? शांत तर आहे."

"वर शांत हाय. खालून बघ, कशी लांब लांब येते. कुठंतरी दूर वादळ हाय, त्याचं पाणी आपल्याकडं येतंय. संध्याकाळी हलवील." मग त्यांनी विचारलं, "हिचा तांडेल कुठला?"

"ग्रीसचा आहे."

"मंग त्याला म्हाईत असल," ते म्हणाले, आणि खिशातून ॲल्युमिनियमची चपटी डबी काढून काहीतरी चिमूटभर तोंडात टाकलं. ती डबी मी जन्मापासून बघत आलो होतो. तंबाखूची डबी, बोटीवर जाताना न चुकता घ्यायचे. कुणी मागितली तर देत नसत.

"नाश्ता केलात?"

"भूक नाय." जरा वेळाने, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मोऱ्या, माजे गुडघे गेले. यंदाचा हंगाम मी कसातरी काढीन, पुढला नाय निघणार. धनलक्ष्मी ठेवू का देऊ? तू येणार असलास तर मी ती कुणाला देणार नाय. तू येत नसलास तर तसं सांग. पण एकदा तोंडानं सांग. त्या वक्ताला मी तुला काय विचारलं नाय. आता विचारतो."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आलं, "कोची यायच्या आत सांगतो."

"सांग," ते म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे वळले. नाश्ता न करण्याइतके ते चिडलेत, असं मला वाटलं.

ग्रीसच्या तांडेलाचं माहीत नाही, पण आमच्या तांडेलाचं खरं ठरलं. दुपार कलली तशी जहाजाने मान डोलवायला सुरुवात केली. नोकरांनी जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवल्या. डेकची दारं बंद झाली. पहिल्या शोला निम्मं थिएटर रिकामं होतं, आणि नाचात मुलींना उचलून धरायचे प्रकार रोमेलने काढून टाकले होते. पण बाबा आले होते. कालच्याच जागी, ताठ बसून.

"देव बरें करूं," आग्नेल पुटपुटला आणि माझ्यासमोर पोट पुढे काढून उभा राहिला.

पहिली दोन गाणी मी दात आवळून काढली. तिसऱ्यात जहाजाने नाक असं खाली घातलं की माझं पोट वरच राहिलं. मी बादलीकडे पाय नेला, तर बादली जागेवर नव्हती. ती निघाली होती. माझ्या ड्रमला वळसा घालून ती ऐटीत स्टेजच्या मधोमध आली. आग्नेलने वाजवता वाजवता पाय आडवा घातला, तो चुकला. जहाज पुन्हा कललं आणि बादली स्टेजच्या कडेवरून खाली पडली. तिचं झाकण एकीकडे खणखणत गेलं आणि ती स्वतः गडगडत पहिल्या रांगेपर्यंत पोचली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आग्नेलच्या पोटाच्या बाजूने मान काढून पाहिलं. बाबांची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी बघितलं तर. माझा पांढराफटक चेहरा, बादलीसाठीची माझी धडपड, सगळं बघितलं आणि उठून गेले. परत पाठ केली. हे डोक्यात आलं आणि त्याच क्षणी पोटाने हात टेकले. मी डाव्या हाताने ताल चालू ठेवला, पाय चालू ठेवले, आणि उजव्या हाताने झांजा ठेवायची कापडी पिशवी ओढून तीत तोंड घातलं. आग्नेलने त्या गाण्यात नसलेला बेसचा सोलो सुरू केला, तोही इतका जोरात की रोमेल पियानोवरून चकित होऊन बघायला लागला. ताल मात्र सुटला नाही. ते मी आजही अभिमानाने सांगतो.

शो संपला तसा मी धावलो. बाबांच्या खोलीचं दार वाजवलं, आत कुणी नव्हतं. जेवणघरात नव्हते. डेकच्या दाराशी साखळी लावून एक खलाशी उभा होता. त्याला विचारलं, तो म्हणाला, एक म्हातारा आला होता, बाहेर जायचं म्हणत होता, मी परत पाठवलं. तो दुसऱ्या दाराने गेला असला तर? समुद्र चढला की बघायला जाणारा माणूस तो, गुडघे गेलेले, आणि त्यात मुलावर चिडलेला. त्या क्षणी मला ना बोट आठवली, ना अब्रू. हा माणूस सापडू दे, मग म्हणेल ते करतो, बोटीवर जन्मभर ओकत राहतो, असं मी स्वतःशी बडबडत जिने उतरत होतो.

आग्नेलनेच त्यांना शोधून काढलं. "खाली आहेत रे," तो धापा टाकत म्हणाला. "लॉन्ड्रीकडच्या जिन्यावर. मी पुढे गेलो नाही. तू जा."

जहाजाच्या बरोबर मध्यावर, अगदी खालच्या मजल्याला, नोकरांच्या जिन्याच्या पायरीवर बाबा बसले होते. जिथे जहाज सगळ्यात कमी हलतं ती जागा त्यांनी कुणालाही न विचारता शोधली होती. एका हाताने कठडा धरला होता. दुसऱ्या हातात कागदी पिशवी होती.

"बाबा!"

"इकडं बघू नको," ते म्हणाले. "तोंड तिकडं कर."

मी गपकन पाठ केली आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो. मागे आवाज आला. तो आवाज मी चांगला ओळखत होतो, सात महिने स्वतःचाच ऐकत होतो. आणि तसाच पाठ करून उभा असताना मला धनलक्ष्मीवरची ती पाठ आठवली. वाकलेली. काठ धरून. मागचं पाणी बघणारी.

मी वळलो.

"बाबा, तुम्हाला दर्या लागतो?"

"मंग? मी काय लोखंडाचा हाय?" त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "दरसाल लागतो. पावसाळा जमिनीवर काढला की पाय जमिनीचे होतात. पयल्या फेरीला दोन दिवस हेच. मंग बसतं. माज्या बापाला पण लागायचा."

"आणि खलाशांना कधी कळलं नाही?"

"कसं कळंल? सगळ्यांची तोंडं पुढं जाळ्याकडं. तांडेल मागं. मागं काय चाललंय ते फक्त माशांना म्हाईत."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"त्या दिवशी..." मी म्हणालो.

"त्या दिवशी तू बघितलंस," बाबा म्हणाले. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "मी वाकलो होतो आणि तू वळून बघितलंस. बगलेखालून दिसलं मला. दुसऱ्या दिवशी बोललास, बोटीवर येत नाय. बरोबर हाय. पोरानं बापाला असं बघितलं, त्याला लाज वाटली. मंग मी कुठल्या तोंडानं बोलावणार? म्हणून कधी काय विचारलं नाय."

"मला तुमची पाठ दिसली फक्त! मला वाटलं, मी ओकतोय म्हणून तुम्हाला माझी लाज वाटली. म्हणून तुम्ही वळला नाहीत."

"वळू कसा? तोंड कुठं मोकळं होतं माजं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी ते हसले की मी, आता आठवत नाही. पण हसलो ते असे की जिन्यावर आवाज घुमला. लॉन्ड्रीतला एक माणूस चादरींचा ढीग घेऊन बाहेर आला, आम्हा दोघांना बघून, "गुड इव्हनिंग, सर," म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला. त्यावर आम्ही पुन्हा हसलो. जहाज पुन्हा कललं तशी बाबांनी पिशवी तोंडाला लावली, आणि त्यांचं ऐकून माझंही पोट वर आलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेली दुसरी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. बाप-लेक एका पायरीवर, आपापल्या पिशवीत. माझ्या आठवणीत आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

मग त्यांनी डबी काढली. "घे."

"मी तंबाखू खात नाही."

"कोण बोललं तंबाखू?" त्यांनी झाकण उघडलं. आत सुकवलेल्या आल्याचे बारीक तुकडे होते, मीठ लावलेले. "ओकारीवर तुजी आई करून देते. तुला पण देते ना, आलेपाक?"

आई दरवेळी आलेपाकाची पुडी पाठवायची. घशाला बरं, म्हणायची. मी गाणारा नाही, वाजवणारा आहे, मला घशाला कशाला लागतं, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

"तिला माझं माहीत आहे?"

"त्या वक्ताला तुजे कपडे कुणी धुतले? हे जात नसतं, तिला म्हाईत. माजे पण तीच धुते." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे नीट वळून बसले. "तू रोज ओकतो?"

"पाणी चढलं की."

"एवढ्या मोठ्या जहाजात?"

"थिएटर पुढच्या टोकाला आहे, बाबा."

"आणि तरी बसून वाजवतो?"

"हो."

"कशाला?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की मी समुद्राला भिऊन पळालो आणि लपायला बँडमध्ये शिरलो. पण पळालेला माणूस पुन्हा समुद्रावरच येऊन, पायाशी बादली ठेवून, रोज रात्री कशाला बसेल? मला लपायचंच असतं तर मुंबईत ढीगभर कोरड्या जागा होत्या.

"मला वाजवायला आवडतं, बाबा," मी म्हणालो. "फार आवडतं. बोटीवर दर्या लागला नसता ना, तरी मी बँडमध्येच गेलो असतो. थोडा उशिरा गेलो असतो इतकंच."

हे बोललो आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पोट तर रिकामं झालंच होतं, पण त्याच्याही खाली कुठेतरी चौदाव्या वर्षापासून अडकलेलं काहीतरी निघालं होतं. मग भीती वाटली. मी बाबांकडे पाहिलं.

ते मान हलवत होते. "मला पण लोकांनी विचारलं नसतं का, कळलं असतं तर? ‘अरे, दरसाल ओकतो, तरी दरसाल कशाला जातो?’ आवडतं म्हणून जात होतो." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "डहाणूवाल्याला हो सांगतो. माणूस चांगला हाय, बोट निगुतीनं ठेवील."

"तुम्हाला वाईट वाटतंय."

"वाटंल ना. बोट जाते, वाईट वाटंल. पण मोऱ्या, खरं सांगू? मला भीती होती तू ‘ठेवा’ बोलशील. मन मारून, बापासाठी म्हणून बोलशील. मंग मला अजून चार हंगाम तुला शिकवायला जायला लागलं असतं. ह्या गुडघ्यांवर!" त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या. "सुटलो रे बाबा."

त्यांना उठायला मी हात दिला. माझ्या खांद्यावर भार टाकून ते जिना चढले, आणि वर पोचल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या शोला मी म्हटलं, तुम्ही खोलीत पडा. ते ऐकेनात. पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर कागदी पिशवी घेऊन बसले. माझी बादली रोमेलने स्वतः शोधून आणली होती. ती मला देताना त्याने हळूच विचारलं, "मनगटं कशी आहेत?" मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे, मो. पण तुझा ताल कधी सुटला नाही, म्हणून मी मनगटांचीच चौकशी करत राहिलो." मग त्याने दोरीचा तुकडा घेतला आणि बादली माझ्या स्टुलाला बांधून टाकली. आग्नेल आपली नेहमीची जागा घ्यायला आला, त्याला मी बाजूला व्हायला सांगितलं.

"दिसशील मरे!"

"दिसू दे."

समुद्र अजून खवळलेलाच होता. त्या शोमध्ये मला बादली दोनदा लागली, आणि दोन्ही वेळा बाबांनी बघितलं. शेवटच्या गाण्याच्या आधी मी त्यांच्याकडे मान हलवून विचारलं, तुमचं काय? त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली, उलटी केली आणि सगळ्यांसमोर झटकून दाखवली. कोरडी होती. शेजारच्या बाई दचकून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी शेवटचं गाणं असं वाजवलं की कानातली टिकटिक काढून टाकावी लागली.

कोचीला गार्डने त्यांना बोंबलांची पिशवी दोन बोटांत धरून परत दिली. बाबांनी ती वास घेऊन तपासली, समाधानाने मान डोलावली आणि मला देऊ केली. मी त्यांतले अर्धे घेतले, आणि त्याबद्दल आमच्या खोलीत आग्नेलने मला आठवडाभर शिव्या दिल्या आणि निम्मे स्वतः भाजून खाल्ले.

दसऱ्याला धनलक्ष्मी डहाणूला गेली. त्या दिवशी मी घरी फोन केला. बाबांचा आवाज जड होता, पण बरा होता.

"बंदरावर सगळे विचारत होते, पोरगा का येत नाय बोटीवर," ते म्हणाले. "मी सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, आमच्या मोऱ्याला दर्या लागतो. रोज ओकतो. तरी जहाजावर बसून वाजवतो, आणि हात जरा म्हणून थांबत नाय. तुमच्यात हाय कोण असा?"

सगळ्या सातपाटीला कळलं होतं तर. ज्यासाठी मी इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला, ते बाबांनी एका सकाळीत बंदरभर केलं होतं, आणि मला आश्चर्य वाटलं ते हे, की मी फोन कानाला लावून हसत होतो.

"आणि तुमचं? तुमचं सांगितलं का?"

पलीकडे डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"माजं कशाला सांगू?" बाबा म्हणाले. "मी तांडेल हाय."